भरतीला वार नसतो

एकदा एका खाडीकाठच्या राज्यात असा वाद उपस्थित झाला, की राजसभेने आठवड्यातून किती दिवस बसावे. राज्य लहान होते. काळ नेमका कोणता, हे ही कथा सांगत नाही. आणि वादाचे स्वरूप पाहता तो सांगण्याची फारशी आवश्यकताही वाटत नाही.

त्या राज्यात प्रत्येक गावाचा एक प्रतिनिधी सभेत येत असे. राज्याच्या संस्थापकाने एक नियम घालून दिला होता. राजमुद्रा सभागृहाच्या मध्यभागी, चौरंगावर, सर्वांच्या दृष्टीसमोर ठेवावी. आणि जी आज्ञा सभेपुढे वाचली गेली नाही, तिच्यावर मुद्रा उमटू नये. नियम सोपा होता. परंतु सभा उठल्यानंतर मुद्रा कोठे ठेवावी, हे संस्थापकाने सांगितले नव्हते. कदाचित त्याला ते सांगण्याजोगे वाटले नसावे. त्यामुळे सभा उठली की राज्याचे दिवाण ती मखमली पिशवीत घालून घरी नेत आणि सभा भरली की परत आणत. या येण्याजाण्याची सर्वांना इतकी सवय झाली होती, की त्यात विचारण्यासारखे काही आहे असे कोणाच्या मनात येत नसे.

सभा पूर्वी जवळजवळ रोज भरत असे. एके दिवशी दिवाणांनी सूचना मांडली, की आठवड्यातून दोन दिवस पुरेसे आहेत.

"सभा भरली की माझे सगळे अंमलदार दारात ताटकळतात," ते म्हणाले. "त्यांनी प्रश्नांची उत्तरे द्यायची की कामे करायची? दोन दिवस बसा, मनसोक्त बोला. उरलेले दिवस आम्हाला राज्य चालवू द्या."

हा युक्तिवाद अगदीच टाकाऊ नव्हता. दूरच्या गावांच्या प्रतिनिधींनी तो उचलून धरला, कारण त्यांचा निम्मा जन्म होडीत आणि धर्मशाळेत चालला होता. त्यांचे पुढारीपण हिराजी नावाच्या प्रतिनिधीकडे होते. हिराजींचे गाव खाडीच्या मुखाशी होते. मातीचा लांब बांध घालून तेथे समुद्राचे पाणी अडवले होते आणि बांधाच्या आतल्या जमिनीत भात पिकत असे. अशा जमिनीला तिकडे खार म्हणतात.

विरुद्ध बाजूस राजधानीतले एक श्रीमंत व्यापारी होते. त्यांना सगळे शेटजी म्हणत. त्यांचे म्हणणे, सभेने सहा दिवस बसावे. त्याहून कमी बसणे ही लोकांची फसवणूक आहे. तेही चुकीचे वाटत नव्हते.

निर्णय होईपर्यंत तात्पुरती दोन दिवसांची पद्धत सुरू झाली, आणि ते दोन्ही दिवस याच वादात जाऊ लागले. कंटाळून वृद्ध राजाने भर सभेत सांगितले, की टेकडीवर राहणारे आचार्य जे ठरवतील ते सर्वांनी मान्य करावे. दोन्ही पक्षांनी माना डोलावल्या, कारण आचार्य आपल्याच बाजूचे आहेत असे दोघांनाही वाटत होते.

आचार्यांकडे एक तरुण शिष्य होता. न्यायशास्त्र आणि राजनीती यांचा त्याने कसून अभ्यास केला होता. आचार्यांनी त्याला बोलावून म्हटले, "दोन्ही पक्षांचे ऐकून ये, आणि तुला काय वाटते ते मला सांग."

शिष्य प्रथम शेटजींच्या पेढीवर गेला.

"लोकांनी आपल्याला पाठवलं ते सभेत बसायला," शेटजी म्हणाले. "घरी बसायला नव्हे."

"परंतु दूरच्या प्रतिनिधींना सहा दिवस राहणे कठीण जाते, असे ते म्हणतात."

"मग त्यांनी इथे घर करावं. मी नाही का राहत?"

शिष्याला नंतर कळले, की शेटजींचा जन्म त्याच घरात झाला होता आणि त्यांच्या ओसरीवरून सभागृहाचे दार दिसत असे.

हिराजी धर्मशाळेच्या पडवीत गाठोडे बांधत बसले होते. शिष्याने प्रश्न विचारताच ते हसले.

"बाबा रे, सहा दिवस इथं बसलो तर माझ्या गावाचं तोंड कधी बघू? उद्या माझीच माणसं मला विचारतील, पाहुणे, कुठून आलात? त्या शेटचं बरं आहे. आठवड्याला आठ दिवस असते तरी तो आला असता, आणि जेवायला घरी गेला असता."

"मग दोन दिवस पुरतात?"

"पुरतात काय, उरतात. मागच्या बैठकीत अर्धा वेळ तर आढ्यावरची कबुतरं हाकलण्यात गेला."

शिष्याने दोन दिवस विचार केला. त्याने दोन्ही बाजूंची प्रमाणे मांडली, आक्षेप मांडले, आक्षेपांचे खंडन मांडले, आणि मग तो आचार्यांसमोर येऊन बसला. आचार्य सुपात तांदूळ निवडत होते.

"चार दिवस," शिष्य म्हणाला. "दोन आणि सहा यांच्या बरोबर मध्ये. दूरच्यांना घरी जाण्यास अवधी मिळेल, अंमलदारांना कामास मिळेल, आणि सभेची प्रतिष्ठाही राहील."

आचार्यांनी एक खडा वेचून बाजूला टाकला. "एका माणसाला ताप आला. एक वैद्य म्हणाला, विकार पोटात आहे. दुसरा म्हणाला, डोक्यात आहे. म्हणून तू छातीवर लेप लावलास."

शिष्य म्हणाला, "मी काय विचारायला हवे होते?"

आचार्य उत्तर देणार, तोच टेकडीच्या पायवाटेने हिराजी वर येताना दिसले. धर्मशाळेतून हसत निघालेले हिराजी हे नव्हते. गुडघ्यांपर्यंत चिखल वाळून पांढरा पडला होता. गावी पोहोचून, बांध पाहून, ते तसेच मागे फिरले होते.

"आचार्य, बांधाला खांड पडू पाहतेय," ते बसण्याआधीच म्हणाले. "तीन ठिकाणी पाझर लागलाय. आत भाताला लोंब्या आल्यात. पाच दिवसांवर अमावास्या. उधाणाचं पाणी चढलं आणि बांध फुटला, तर यंदाचं पीक जाईल हे तर झालंच. एकदा का खारं पाणी आत शिरलं, की तीन वर्षं त्या जमिनीत भात धरत नाही. सगळं गाव त्या एका खारीवर जगतं."

शिष्याने पाणी आणून दिले. ते हातात धरून हिराजी पुढे सांगू लागले. गावची माणसे एवढ्या लांबीला पुरणार नव्हती. आजूबाजूच्या गावांना मदतीला बोलवायचे आणि दगड आणायला राज्याच्या होड्या मिळवायच्या, तर मुद्रांकित आज्ञा हवी होती. म्हणून ते थेट दिवाणांच्या घरी गेले होते.

"काय म्हणाले?" आचार्यांनी विचारले.

"म्हणाले, सभेचा ठराव आणा. सभेपुढे आल्याशिवाय आज्ञा निघत नाही, संस्थापकांचा नियम आहे." हिराजींनी पाण्याचा घोट घेतला. "नियम सांगत होते तेव्हा मुद्रा त्यांच्या पुढ्यातच होती. कसल्याशा जकातीच्या कागदांवर उमटवत होते."

"त्या कागदांना ठराव होता का?" शिष्याने विचारले.

हिराजी थबकले. "ते मी कशाला विचारू? मी बांधासाठी गेलो होतो."

"परंतु उद्या सभा आहेच," शिष्य म्हणाला. "उद्या विषय मांडता येईल."

"उद्याच्या सभेत एकच विषय आहे. किती दिवस बसायचं, त्याचा निकाल. दुसरं काही घ्यायचं नाही असं ठरलंय. ठरवलं कोणी? आम्हीच. मीही हात वर केला होता. त्याच्यानंतरची सभा पुढच्या आठवड्यात, तोवर अमावास्या होऊन गेलेली असेल." ते खाली पाहत होते. "दोन दिवसांचे वार आम्ही नेमून दिले. भरतीला वार नसतो, बाबा. तिला तिथी असते."

दुसऱ्या दिवशी सभागृह भरून गेले. निकाल ऐकण्यासाठी गावातले लोकही सज्जात दाटीवाटीने उभे होते. दिवाणांनी मुद्रा पिशवीतून काढून चौरंगावर ठेवली. राजाने आचार्यांना विनंती केली, की आपला निर्णय सांगावा.

आचार्य उठले, चौरंगापाशी गेले, मुद्रा उचलली आणि आपल्या झोळीत टाकली. झोळीत बहुधा मुरमुरे असावेत, कारण तसा आवाज आला.

सज्जातले लोक कठड्यावरून पुढे वाकले.

"ज्या दिवशी सभा बसेल त्या दिवशी मी ही घेऊन येईन," आचार्य म्हणाले. "सभा उठली, की माझ्याबरोबर परत नेईन. किती दिवस बसायचे ते तुम्ही ठरवा. दोन दिवस बसा, सहा दिवस बसा. माझे काही म्हणणे नाही."

दिवाण उभे राहिले. "आणि मधल्या दिवसांत राज्य कसे चालायचे?"

"आजवर चालत होते तसे. जी आज्ञा सभेत वाचली गेली नाही तिच्यावर मुद्रा उमटत नाही. म्हणजे सभा नसते त्या दिवशी हिला काही काम नसते. तुमच्या घरी पडून राहायची ती माझ्याकडे पडून राहील."

दिवाण खाली बसले. शेटजी शेजाऱ्याच्या कानाशी लागून म्हणाले, "म्हातारा भ्रमिष्ट झाला वाटतं." शेजारी म्हणाला, "हळू बोला. मुद्रा त्याच्याकडे आहे."

टेकडीकडे परतताना शिष्याला राहवेना. "आचार्य, आपण संख्या सांगितली नाही, हे एक वेळ समजू शकतो. परंतु हिराजींचे काय? पूर्वी निदान दिवाणांना गळ घालता येत होती."

"घातली होती ना?" आचार्य म्हणाले आणि चालत राहिले.

मागे वळून पाहिले तेव्हा शिष्याला दिसले, की हिराजी सभागृहाच्या पायरीवरच बसून आहेत. आचार्यांच्या कृतीत काही तरी अर्थ असेल असा त्याचा विश्वास होता. परंतु त्या अर्थाची किंमत एका गावाने मोजावी, हे त्याला न्याय्य वाटत नव्हते. त्या दिवशी तो जेवला नाही. आचार्यांनीही आग्रह केला नाही.

सकाळी दिवाण स्वतः टेकडी चढून आले. ते स्थूल होते आणि चढ उभा होता, त्यामुळे प्रथम काही वेळ नुसते हाताने खुणा करत राहिले.

"बंदरात माल अडकला आहे," अखेर ते म्हणाले. "दोन नेमणुका थांबल्या आहेत. जकातीची माणसे नाक्यावर उभी आहेत आणि त्यांच्या हातात आज्ञापत्र नाही. मी उद्या सभा बोलावली आहे. परवाही बोलावतो. खरे सांगायचे तर सभेने रोज बसावे, असे माझे मत होत चालले आहे."

"मनसोक्त बोलायला?" आचार्यांनी विचारले.

"निदान सकाळची वेळ तरी."

शिष्याला राहवले नाही. "दिवाणसाहेब, कालपर्यंत तर दोन दिवस पुरेसे होते."

"परिस्थिती बदलली," दिवाण म्हणाले.

"मुद्रेची जागा बदलली," आचार्य म्हणाले आणि त्यांना बसायला घोंगडी पुढे केली.

दिवाण गेल्यावर शिष्य बराच वेळ उंबऱ्यात उभा राहिला. आपण सगळ्यांना 'किती' असे विचारत होतो, आणि दिवाणांनी दिलेले उत्तर त्यांच्या घरी ठेवलेल्या एका वस्तूवर अवलंबून होते, हे त्याच्या ध्यानात येऊ लागले. तरीही बांधाचा प्रश्न तसाच होता, आणि चंद्र रोज बारीक होत होता.

त्रयोदशीला सभा बसली. आचार्यांनी मुद्रा चौरंगावर ठेवली. दिवाणांच्या आज्ञा एकेक करून मोठ्याने वाचल्या जाऊ लागल्या. मासेमारीच्या जाळ्यांवर कर बसवण्याची एक आज्ञा होती. ती ऐकून कोळीवाड्याचा प्रतिनिधी उठला आणि म्हणाला, "हा कर तर आम्ही पावसाळ्याआधीपासून भरतोय. मग हा कागद आज कसा आला?" दिवाण म्हणाले, की ते तात्पुरते होते. "तात्पुरतं म्हणजे काय?" त्याने विचारले. "जाळं फाटेपर्यंत?" लोक हसले, परंतु फार वेळ नाही. आपण नसताना आपल्या नावाने काय काय होत होते, ते त्यांना प्रथमच ऐकू येत होते.

मग हिराजी उठले. त्यांनी बांधाचे सांगितले. त्यांचा आवाज चढत नव्हता. बहुधा तेवढी शक्ती उरली नव्हती.

शेटजींनी सर्व ऐकून घेतले आणि गंभीरपणे मान हलवली. "विषय फार महत्त्वाचा आहे. म्हणूनच घाई होऊ नये. एक पाहणी समिती नेमावी. तिने आठ दिवसांत अहवाल द्यावा, आणि मग—"

"शेट, तोवर समितीला पोहत यावं लागेल," हिराजी म्हणाले.

"चेष्टा नको. बांध म्हणजे तो दगडी आहे ना? दगडी बांध असा दोन दिवसांत कसा फुटतो?"

"मातीचा आहे."

"असं कसं? मी तर दगडी ऐकला होता."

दुसऱ्या एकाने विचारले, की पाणी आतून बाहेर पाझरते की बाहेरून आत. तिसरा म्हणाला, बांध फुटणारच असेल तर आता खर्च कशाला करायचा. शेटजी गेल्या वर्षी सभेच्या प्रत्येक बैठकीला हजर होते. त्याबद्दल त्यांचा सत्कारही झाला होता. परंतु बांध कसा असतो, हे त्यांना ठाऊक नव्हते, आणि सभेतल्या बहुतेकांनाही ठाऊक नव्हते. प्रश्नामागून प्रश्न येत राहिले आणि प्रत्येक प्रश्न थोडा वेळ घेऊन गेला.

आचार्य उठले. त्यांनी मुद्रा झोळीत टाकली आणि दाराकडे चालू लागले.

"आचार्य, सभा चालू आहे," दिवाण म्हणाले.

"हो. मीही चालू आहे," आचार्य म्हणाले आणि धक्क्याच्या दिशेने उतरू लागले. शिष्य धोतर सांभाळत मागोमाग धावला.

सभागृहात राजा म्हणाला, "मुद्रा नसेल तर ही सभा नाही, नुसती माणसे आहेत. उठा." असे म्हणून तो स्वतःच उठला, त्यामुळे इतरांना बसून राहणे शक्य नव्हते.

ओहोटी लागली होती. होड्या पाण्याबरोबर भराभर खाडीच्या मुखाकडे निघाल्या. पहिल्या होडीत आचार्य, शिष्य आणि हिराजी होते. मागच्या होड्यांतून प्रतिनिधींच्या कुरकुरीचे तुकडे वाऱ्यावर ऐकू येत होते. कोणाचे जेवण राहिले होते, कोणाला होडी लागत होती. शेटजींनी जोडे हातात घेतले होते, आणि ते ओले होऊ नयेत म्हणून स्वतः ओले झाले होते.

बांधावर हिराजींची भावजय येसू आणि गावातली माणसे चिखलाच्या टोपल्या वाहत होती. राजासकट एवढी मंडळी उतरताना पाहून येसूने पदर सावरला, आणि पहिले वाक्य ती राजाला नव्हे, सगळ्यांना उद्देशून बोलली. "त्या कडेला उभे राहू नका. तिकडं आधीच पोकळ झालंय. तुमच्या वजनानं जाईल."

मंडळी मागे सरकली.

पाणी उतरल्यामुळे बांधाची बाहेरची बाजू उघडी पडली होती. तिच्यात खेकड्यांची बिळे दिसत होती, असंख्य, आणि काही ठिकाणी लाटांनी खालची माती खरवडून नेल्यामुळे वरचा भाग नुसता अधांतरी राहिला होता. आतल्या बाजूला, हाताच्या अंतरावर, हिरवेगार भात उभे होते. शेटजींनी वाकून आपली वेताची काठी एका बिळात घातली. ती मुठीपर्यंत आत गेली. त्यांनी काठी बाहेर काढली, तिच्या टोकाला लागलेली ओली माती पाहिली, आणि पुसली नाही.

"हा मातीचा आहे," ते म्हणाले.

"हो," हिराजी म्हणाले. त्यांनी टोमणा मारला नाही.

त्यानंतर जे झाले ते सभा या नावाला शोभणारे होते, असे म्हणता येईल. कोणती गावे जवळ आहेत, कोणाकडे किती होड्या आहेत, दगड कोठून आणता येईल, हे ज्याला जे ठाऊक होते त्याने सांगितले. ठाऊक नव्हते ते गप्प राहिले. दिवाणांनी आज्ञा लिहिली आणि सर्वांसमोर वाचली. येसूने टोपली पालथी केली. तिच्यावर कागद ठेवून मुद्रा उमटवली गेली. ऊन कलायच्या आत होड्या गावांना हाक द्यायला निघाल्या, आणि त्यांच्यातल्या एकीत, कोणी न सांगता, शेटजी होते. दगडाच्या खाणीचे मालक त्यांच्या ओळखीचे होते.

चतुर्दशीला पाच गावांची माणसे बांधावर होती. पाणी उतरले की काम, चढले की विश्रांती, पुन्हा उतरले की काम. सभेचे बहुतेक सदस्य तेथेच राहिले. त्यांचा उपयोग किती झाला हे सांगणे कठीण आहे. येसूच्या मते दोघांचा बराच झाला आणि उरलेल्यांनी निदान वाट अडवली नाही.

अमावास्येच्या दुपारी उधाण आले. पाणी चढत चढत बांधाच्या माथ्याखाली वीतभर अंतरावर येऊन थांबले, आणि बराच वेळ तेथेच राहिले. दक्षिणेकडच्या टोकाला, जिथे काम पोहोचले नव्हते, बांधाचा एक तुकडा खचला आणि पाणी एका शेतात शिरले. माणसांनी धावत जाऊन शेतांमधला आडवा वरंबा उंच केला, त्यामुळे ते तिथेच अडले. बाकीची खार वाचली.

बुडालेले शेत हिराजींचे होते. भाताच्या लोंब्या पाण्यावर वाकड्या होऊन डुलत होत्या. हिराजी वरंब्यावर उभे राहून पाहत राहिले.

"तीन-चार दिवस आधी हाक देता आली असती, तर हेही राहिलं असतं," ते शेवटी म्हणाले. "आणि त्या दिवसांत सभा बसू नये म्हणून सगळ्यांत मोठ्यानं मीच ओरडत होतो."

दिवाण शेजारीच उभे होते. त्यांनी पडलेली एक टोपली उचलली आणि ते तिच्यात चिखल भरू लागले.

परतीच्या होडीत शिष्य आचार्यांच्या समोर बसला होता. खाडी आता शांत होती. त्याने बराच वेळ विचार केला आणि मग तोच जुना प्रश्न विचारला, परंतु या वेळी त्याचा आवाज निराळा होता.

"आचार्य, मग सभेने किती दिवस बसावे?"

"संख्येला अर्थ नाही, असे मी कधी म्हटले नाही," आचार्य म्हणाले. "दोन दिवस कमीच होते. पण तुम्ही सगळे दिवस मोजत होता, आणि सभा कशासाठी आहे हे कोणी बोलत नव्हते. ज्याच्या हाती अधिकार आहे, त्याला ज्याच्यावर तो अधिकार चालतो त्याच्यासमोर उभे राहून कारण सांगावे लागावे, म्हणून सभा आहे. सभा उठली म्हणून अधिकार उठत नाही, बाळ. तो कोणाच्या तरी घरी जाऊन बसतो. दोन दिवस मागणाऱ्यांपैकी दिवाणांना हे ठाऊक होते आणि हिराजींना नव्हते. मुद्रा उचलली ती एवढे दिसावे म्हणून."

"आणि मग सभेतूनही उचललीत."

"कारण मुद्रा सभेत आणून ठेवली तरी भागत नाही, हे तूही पाहिलेस. रोज बसणारे पुष्कळ होते. पाहिलेले सांगणारा एकच होता, आणि त्याने ते पाहिले ते सभेत न बसण्याच्या दिवशी. बसण्याच्या दिवसाला जे लागते, ते न बसण्याच्या दिवसांत मिळवावे लागते. हे दोन्ही ध्यानात ठेवले, की दिवस कोणालाही मोजता येतील. ते काम माझे नाही."

नावाड्याने वल्हे फिरवले.

पुढच्या बैठकीत सभेने प्रथम असे ठरवले, की मुद्रा सभागृहाबाहेर कोणाच्याही घरी जाणार नाही, आणि तातडीचा विषय असेल तर कोणत्याही प्रतिनिधीला, कोणत्याही दिवशी सभा बोलावता येईल. त्यानंतर दिवसांची संख्या ठरवायला एक सकाळही लागली नाही, आणि ती ठरवताना कोणी आवाज चढवला नाही. शिष्य सज्जात उभा राहून ऐकत होता. शेटजींचे आसन रिकामे आहे, हे त्याच्या लक्षात आले. शेजारच्या माणसाला विचारल्यावर कळले, की ते उत्तरेकडच्या बांधावर गेले आहेत आणि उद्या परत येऊन बोलणार आहेत. एके काळी शिष्याने त्या रिकाम्या आसनाची गणना अनुपस्थितीत केली असती. आज तो त्याच्याकडे पाहत थोडा वेळ उभा राहिला आणि मग खाली चाललेल्या प्रश्नोत्तरांकडे त्याने कान दिला.

आपली सभा किती दिवस बसते हे आपण अवश्य विचारावे; परंतु ती बसत नाही त्या दिवशी अधिकार कोणाच्या घरी असतो आणि आपला प्रतिनिधी कोणत्या बांधावर असतो, हे विचारल्याखेरीज तो प्रश्न पुरा होत नाही.